गाडी का लागते?

मराठी भाषेतील ‘लागणे’ हे क्रियापद मोठे अष्टपैलू आहे. माणसाला भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, वाचनाची गोडी लागते. आणि काही जणांना गाडीही लागते. हे शेवटचे लागणे ज्याच्या वाट्याला येते, त्याच्या प्रवासाच्या आनंदात पहिल्यापासूनच धास्ती मिसळलेली असते. सुट्टी सुरू झाली आहे, ट्रंका भरून झाल्या आहेत, भावंडे अंगणात नाचत आहेत; आणि एक मूल मात्र दाराआड गप्प उभे आहे. त्याला आजोळी जायचे नाही असे नाही. त्याला फक्त मधला रस्ता नको आहे.

हा मधला रस्ता त्याला का सोसत नाही? त्याचे पोट कच्चे आहे, की त्याचे मन भित्रे आहे? शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा शोध घेतला, तेव्हा त्याचे उत्तर पोटात सापडले नाही आणि मनातही सापडले नाही. ते सापडले कानात! हे कसे, ते समजून घेण्यासारखे आहे.

उल्हासनगरसारख्या शहरात हा प्रश्न घरोघरी परिचयाचा असावा, यात नवल नाही. कारण हे शहरच मुळी प्रवाशांनी वसवलेले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभारण्यात आली होती. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि सिंध प्रांतातून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांना या छावणीतील बराकींत आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वेळचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे नव्या वसाहतीची कोनशिला बसवण्यात आली. शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून शहराला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीच्या विभागांना दिलेले क्रमांक मात्र कायम राहिले. म्हणूनच येथील माणूस आजही आपला पत्ता ‘कॅम्प नंबर ३’ असा सांगतो.

सिंधमधून आलेल्यांपैकी अनेकांनी कराची ते मुंबई हा प्रवास बोटीने केला होता. त्याच काळात कोकणातील माणसेही पोटापाण्यासाठी बोटीनेच मुंबईला येत. त्यामुळे ‘बोट लागणे’ हा शब्दप्रयोग तेव्हाच्या माणसांच्या ओठांवर असे. पुढे रस्ते झाले, मोटारी आल्या आणि लोक ‘गाडी लागते’ असे म्हणू लागले. वाहन बदलले, व्यथा तीच राहिली. ती किती जुनी आहे, याची साक्ष भाषाच देते. प्राचीन ग्रीक भाषेत मळमळीला जो शब्द आहे, तो ‘नाउस’ म्हणजे नौका या शब्दापासून बनलेला आहे. आणि ग्रीक ‘नाउस’ व संस्कृत ‘नौ’ हे दोन्ही शब्द एकाच कुळातले आहेत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅम्प नंबर ३ मधून सहकुटुंब मोटारीने प्रवासास निघणे, हा एक सोहळाच असे. मोटार बहुधा फियाट किंवा अँबॅसडर असे. फियाट मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात तयार होई आणि पुढे ती ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून तिचा वावर तर २०२३ सालापर्यंत होता. अशा मोटारीत पुढे एक सलग बाक आणि मागे दुसरा बाक असे. या दोन बाकांवर आजी, आईवडील, काका, मावशी आणि चारपाच मुले एवढा परिवार दाटीवाटीने बसे. शहाड मागे पडे. रायत्याच्या पुलावरून उल्हास नदी ओलांडली जाई. मुरबाड येई, टोकावडे येई आणि समोर सह्याद्रीची उभी भिंत दिसू लागे. तेथून माळशेज घाटाची वळणे सुरू होत. घाट चढून गेले की ओतूर, आळेफाटा आणि पुढे नगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर.

मोठी माणसे या घाटातील धबधबे पाहण्यात दंग होत. परंतु मागच्या बाकावर दोन मोठ्यांच्या मध्ये रुतून बसलेल्या मुलाला यांतले काहीच दिसत नसे. त्याच्या डोळ्यांपुढे असे, ती फक्त पुढच्या बाकाची पाठ. रेक्झीनचा तापलेला वास, पेट्रोलचा वास आणि कोणीतरी उघडलेल्या डब्यातील लसणाच्या चटणीचा वास यांची त्याच्या भोवती दाटी होई. मग पुढची लक्षणे ठरलेल्या क्रमाने दिसू लागत. प्रथम मूल बोलेनासे होते. त्याला जांभया येतात. चेहरा पांढरा पडतो, कपाळावर गार घाम फुटतो, तोंडाला पाणी सुटते. पोटात ढवळू लागते. शेवटी ‘गाडी थांबवा!’ असे शब्द ऐकू येतात. कधी ते वेळेवर ऐकू येतात, कधी येत नाहीत.

आता या व्यथेचे मूळ पाहू. आपल्याला डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा अशी पाच ज्ञानेंद्रिये आहेत, असे आपण शिकतो. परंतु शरीराचा तोल सांभाळणारे आणखी एक इंद्रिय आहे. ते बाहेरून दिसत नाही. दोन्ही कानांच्या आत, कवटीच्या हाडात, ते सुरक्षित बसवलेले असते. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. खोलीच्या कोपऱ्यात जमीन आणि दोन भिंती जशा एकमेकींना काटकोनात मिळतात, तशाच या तीन नलिका परस्परांना साधारण काटकोनात असतात. मान होकारार्थी हलवली, नकारार्थी हलवली किंवा खांद्याकडे कलवली, तरी कोणत्या ना कोणत्या नलिकेला ते कळतेच. या नलिकांत द्रव भरलेला असतो आणि त्यात अतिशय सूक्ष्म केस बुडालेले असतात.

हे काम कसे चालते, ते पाहण्यासाठी घरी एक सोपा प्रयोग करता येईल. एका वाटीत अर्धी वाटी पाणी घ्या आणि त्यावर तुळशीचे एक पान सोडा. आता वाटी झटकन थोडी फिरवा. वाटी फिरेल, पण पान जवळजवळ जागच्या जागीच राहील. कारण पाणी वाटीच्या मागे पडते. डोके वळवले की नलिकेतील द्रवही असाच मागे पडतो, त्याच्या दाबाने सूक्ष्म केस वाकतात आणि ‘डोके वळले’ असा निरोप मेंदूला पोचतो. पुढे वाटी काही वेळ सतत फिरवत ठेवा. आता पाणीही तिच्याबरोबर फिरू लागेल. मग वाटी एकदम थांबवा. वाटी थांबली, तरी पाणी फिरतच राहील. फुगडी घालून थांबल्यावर सारे जग फिरते आहे असे का वाटते, याचे उत्तर या वाटीत आहे. पाय थांबलेले असतात. पण कानातील द्रव अजून फुगडी घालत असतो.

या इंद्रियाच्या दुसऱ्या भागात दोन लहान पिशव्या असतात. त्यांतील मऊ थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण बसवलेले असतात. बसने अचानक ब्रेक लावला की उभे असलेले प्रवासी पुढे झुकतात. त्याप्रमाणे गाडीचा वेग वाढला, कमी झाला किंवा ती वरखाली झाली, की हे कण आपल्या जागेवरून किंचित सरकतात आणि मेंदूला त्याची वर्दी देतात.

तोलाचे हे इंद्रिय कानात आहे, हे सिद्ध करण्याच्या कामी व्हिएन्ना येथील वैद्य रॉबर्ट बारानी यांचा मोठा वाटा आहे. कान धुताना पाणी फार थंड किंवा फार गरम असले, तर रुग्णांना चक्कर येते, असे त्यांच्या ध्यानात आले. कोमट पाण्याने तसे होत नसे. पाण्याच्या तपमानामुळे नलिकांतील द्रव हलतो आणि डोके स्थिर असूनही मेंदूला ते फिरल्याचा निरोप जातो, हे त्यांनी ओळखले. या संशोधनाबद्दल त्यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

आता पुन्हा मोटारीत येऊ. मेंदू हा जणू न्यायाधीश आहे. शरीर हलते आहे की स्थिर आहे, याचा निवाडा त्याला क्षणोक्षणी करावयाचा असतो. त्यासाठी तो साक्षीदारांना विचारतो. पहिला साक्षीदार डोळा. त्याला दिसते ती पुढच्या बाकाची पाठ. ती तर जागची हलत नाही. डोळा सांगतो, ‘सारे काही स्थिर आहे.’ दुसरा साक्षीदार कान. त्याला प्रत्येक वळण, प्रत्येक चढ आणि प्रत्येक ब्रेक जाणवतो. तो सांगतो, ‘आपण हेलकावे खात पुढे चाललो आहोत.’ तिसरे साक्षीदार हातापायांचे स्नायू. ते म्हणतात, ‘आम्ही तर नुसते बसलो आहोत.’ तिघेही प्रामाणिक असतात आणि तरीही तिघांच्या साक्षी जुळत नाहीत. साक्षींच्या या विसंवादातून गाडी लागते, अशी उपपत्ती शास्त्रज्ञांनी मांडली आहे. १९७० नंतरच्या दशकात जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने तिची सविस्तर मांडणी केली आणि आज ती बहुतेक ठिकाणी स्वीकारली जाते.

धावत्या गाडीत पुस्तक वाचले किंवा मोबाइलकडे टक लावून पाहिले, की मळमळ का वाढते, हे यावरून सहज कळेल. अक्षरे स्थिर असतात आणि शरीर हलत असते; विसंवाद अधिकच तीव्र होतो. याच्या उलटही घडू शकते. मोठ्या पडद्यावर वेगाने धावणारी दृश्ये पाहताना काही जणांना खुर्चीत बसल्या जागी मळमळते. तेथे डोळा म्हणतो ‘धावतो आहोत’ आणि कान म्हणतो ‘बसलो आहोत’.

मग गाडी चालवणाऱ्याला गाडी का लागत नाही? त्याचे कारण असे की, मेंदू केवळ साक्षी ऐकत नाही. पुढे काय होणार याचा अंदाजही तो आधीच बांधून ठेवतो. अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, म्हणजे सारे अंग कसे दचकते! अंदाज चुकला की असे होते. चालकाची नजर रस्त्यावर असते आणि चक्र त्याच्या हातात असते. वळण येण्यापूर्वीच ते त्याला ठाऊक असते. मागच्या बाकावरील मुलाला मात्र प्रत्येक वळण न सांगता येऊन गाठते. म्हणूनच ज्यांना प्रवासी म्हणून गाडी लागते, त्यांपैकी बहुतेकांना स्वतः गाडी चालवताना हा त्रास होत नाही.

हेलकाव्याच्या गतीचाही येथे संबंध आहे. धक्के जितके जोराचे, तितकी मळमळ अधिक, असे आपल्याला वाटते. पण ते खरे नाही. प्रयोगांवरून असे दिसून आले आहे की, सुमारे पाच सेकंदांत एकदा वरखाली होणारा संथ हेलकावा सर्वांत त्रासदायक असतो. धावताना आपले डोके एका सेकंदात दोनतीन वेळा वरखाली होते, तरी कोणाला धावणे लागत नाही. खडकाळ वाटेवरील बैलगाडी हाडे खिळखिळी करील. परंतु समुद्रावरील बोट आणि मऊ स्प्रिंगांवर डुलणारी मोटार यांच्याइतके ती पोट ढवळणार नाही.

हा सारा खेळ कानाचा आहे, याचा सर्वांत बोलका पुरावा कर्णबधिर व्यक्तींकडून मिळाला. विल्यम जेम्स या अमेरिकन विद्वानाने १८८२ साली ५१९ कर्णबधिर व्यक्तींची गोलगोल फिरवून तपासणी केल्याचे प्रसिद्ध केले. त्यांपैकी १८६ जणांना मुळीच चक्कर आली नाही. त्यांच्या आंतरकर्णातील तोलाचे इंद्रियही निकामी झालेले असावे, असे त्याने अनुमान काढले. पुढे १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, अंतराळप्रवासाची तयारी सुरू झाली, तेव्हा वॉशिंग्टन येथील गॅलोडेट महाविद्यालयातील ११ कर्णबधिर पुरुषांनी अमेरिकेच्या नौदलाला संशोधनात साहाय्य केले. त्यांपैकी १० जणांना बालपणी मेंदूच्या आवरणाचा ताप येऊन बहिरेपण आले होते. एका प्रयोगासाठी त्यांना कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळील खवळलेल्या समुद्रात बोटीने नेण्यात आले. हे प्रवासी बोटीत बसून शांतपणे पत्ते खेळत राहिले. त्यांना काहीच झाले नाही. बोट लागली ती त्यांची तपासणी करायला आलेल्या शास्त्रज्ञांनाच. आणि इतकी लागली की, प्रयोग थांबवावा लागला!

या घटनेतून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. ज्याचे तोलाचे इंद्रिय काम करीत नाही, त्याला गाडी लागत नाही. याचाच अर्थ असा की, ज्याला गाडी लागते त्याचे हे इंद्रिय शाबूत आणि जागे आहे. गाडी लागणे हा शरीराचा दुबळेपणा नव्हे. ती त्याच्या जागरूकतेची एक अडचणीची बाजू आहे.

येथे एक शंका येईल. साक्षी जुळत नाहीत हे खरे. पण त्यासाठी उलटी कशाला व्हावी? १९७७ साली मिशेल ट्राइसमन या शास्त्रज्ञाने यावर एक कल्पना मांडली. माणसाने मोटारी आणि बोटी फार अलीकडे बनवल्या. त्यापूर्वी लक्षावधी वर्षे डोळा आणि कान यांच्या साक्षी सहसा विसंगत होत नसत. तसे झालेच, तर त्याचे एक कारण विषबाधा हे असे. विषारी फळ किंवा पाला पोटात गेला की भोवंडल्यासारखे होते. तेव्हा साक्षींचा घोटाळा झाला की मेंदू असे समजतो की पोटात विष गेले आहे. आणि ते बाहेर टाकण्याची आज्ञा देतो. ही कल्पना अद्याप पूर्णपणे सिद्ध झालेली नाही. परंतु ती खरी असेल, तर घाटात उलटी करणाऱ्या मुलाचा मेंदू त्याचा जीव वाचवण्याचाच प्रयत्न करीत असतो, असे म्हणावे लागेल.

हा त्रास वयाप्रमाणेही बदलतो. दोन वर्षांच्या आतील बालकांना गाडी क्वचितच लागते. त्यानंतर हे प्रमाण वाढत जाते आणि नवव्या-दहाव्या वर्षांच्या सुमारास ते सर्वाधिक असते. पुढे बहुतेकांचा त्रास कमी होत जातो. काहींचा मात्र जन्मभर टिकतो. आणि म्हणून त्यांचे काही अडले, असे नाही. चार्ल्स डार्विन हा थोर निसर्गशास्त्रज्ञ १८३१ साली ‘बीगल’ जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला आणि १८३६ साली परतला. या जवळजवळ पाच वर्षांत समुद्राने त्याला पुनःपुन्हा हैराण केले. तरीही त्याच प्रवासातील निरीक्षणांवर त्याने पुढे उत्क्रांतीचा सिद्धान्त उभारला. सोव्हिएत अंतराळवीर गेरमान तितोव्ह याने ऑगस्ट १९६१ मध्ये पृथ्वीभोवती १७ फेऱ्या घातल्या. तो खास निवडलेला, कणखर वैमानिक होता. तरी अंतराळात मळमळीने त्रस्त झालेला पहिला मानव तोच ठरला. तेव्हा माळशेज घाटात ज्याला मळमळते, त्याला सोबत काही लहानसहान माणसांची नाही!

गाडी लागण्याचा आणि आठवणींचा संबंधही मोठा निकटचा आहे. ज्या पदार्थानंतर एकदा मोठी उलटी झाली, तो पदार्थ पुढे कित्येक वर्षे नकोसा वाटतो. पदार्थ निर्दोष असतो. पण शरीर त्याला दोषी ठरवून मोकळे होते. १९५५ साली जॉन गार्सिया या अमेरिकन शास्त्रज्ञाने उंदरांवर केलेल्या प्रयोगांत हीच गोष्ट आढळली. गोड पाणी पिताना ज्या उंदरांना किरणोत्साराने आजारी पाडण्यात आले, ते उंदीर पुढे गोड पाण्याला तोंड लावीनासे झाले. मोटारीचे दार उघडताच, ती सुरू होण्यापूर्वीच, रेक्झीनच्या वासाने एखाद्या मुलाच्या पोटात ढवळू लागते, तेही अशाच शिकवणुकीने. ते नखरे करीत नसते. त्याच्या शरीराने मागचा धडा नको इतका चांगला पाठ केलेला असतो.

कुटुंबातही या आठवणी राहतात, पण त्या निराळ्या रूपाने राहतात. लग्नकार्यात चार माणसे जमली की कोणीतरी म्हणते, ‘याने नगरच्या वाटेवर मामांच्या नव्या धोतराचे काय केले होते, आठवते ना?’ आणि सारे हसतात. सांगणाऱ्याच्या मनात प्रेमच असते. परंतु ज्याच्याविषयी ते सांगितले जाते, त्या मुलाच्या मनात ती हकिगत वेगळ्याच रीतीने साठवलेली असते: सर्वांची खोळंबलेली गाडी, कोणाचा तरी चढलेला आवाज, नाकाला लावलेले रुमाल. पुढच्या वेळी तेच मूल ‘मला यायचेच नाही’ असे म्हणते आणि घरातल्यांना त्याचे कारण कळत नाही. भीतीने मळमळ वाढते, हे तर अनुभवाने आणि प्रयोगाने दोन्ही रीतींनी दिसून आलेले आहे. म्हणजे ज्याला आपण हसतो किंवा रागावतो, त्याचा त्रास आपणच वाढवीत असतो.

मग उपाय काय? कारण समजले की उपाय आपोआप सुचू लागतात. डोळ्याची आणि कानाची साक्ष जुळवून देणे, हे त्यांचे सूत्र आहे. बसण्याची जागा अशी निवडावी की, समोरचा रस्ता दिसेल. पूर्वी अशा मुलाला पुढच्या बाकावर मांडीवर घेत. पण ते धोक्याचे आहे. लहान मुलांनी मागच्या आसनावर पट्टा बांधूनच बसले पाहिजे. तेथे मुलाला थोडी उंच बैठक दिली, तर समोरच्या काचेतून त्याला बाहेरचे दिसू शकते. नजर जवळच्या झाडांवर न ठेवता दूरच्या स्थिर वस्तूवर ठेवावी. टोकावड्याच्या पुढे सह्याद्रीची रांग दिसू लागते; तिच्या माथ्याकडे पाहत राहावे. घाटात शिरल्यावर रस्ता ज्या दिशेने वळतो, त्या दिशेने पाहावे. एस.टी.च्या बसमध्ये मागचे बाक सर्वांत अधिक उसळते. म्हणून दोन चाकांच्या मधली जागा बरी. बोटीतही मध्यभागच बरा. डोके मागे टेकवून स्थिर ठेवावे. डोळे मिटून झोप लागली, तर सर्वांत उत्तम. कारण मग एका साक्षीदाराची साक्षच उरत नाही.

खाण्याचाही विचार करावा. तुडुंब जेवून निघू नये आणि अगदी उपाशीही निघू नये. मोकळी हवा येऊ द्यावी. उग्र वासाचे डबे गाडी थांबल्यावर उघडावेत. मात्र उलटी येते म्हणून धावत्या गाडीच्या खिडकीतून डोके कधीही बाहेर काढू नये. घाटात समोरून येणारे वाहन हातभर अंतरावरून जाते. त्यासाठी जवळ एक पिशवी तयार ठेवावी. गाडी चालवणाऱ्यानेही वळणे सावकाश घ्यावीत, ब्रेक हळू लावावा आणि मुलाने म्हटले की सुरक्षित जागी थांबावे.

घरगुती उपाय तर प्रत्येक घरात असतात. कोणी लिंबू हुंगतात, कोणी आवळासुपारी चघळतात, कोणी आलेपाक खातात, कोणी आसनावर वर्तमानपत्र पसरून त्यावर बसतात. आल्याचा उपयोग काही प्रयोगांत दिसून आला, काहींत दिसून आला नाही. वर्तमानपत्राला शास्त्राचा काही आधार नाही. पण त्याने अपायही नाही, आणि मनाला धीर आला तर तोही थोडा उपायच होय.

औषधेही आहेत. त्यांतील एकाचा शोध योगायोगाने लागला. १९४७ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे अंगावर पित्त उठणाऱ्या एका स्त्रीला डॉक्टरांनी एक नवे औषध दिले. पुढच्या खेपेस ती म्हणाली की, ट्रामने येताना आपल्याला नेहमी मळमळते, ती या औषधाने थांबली. डॉक्टर गे आणि कार्लिनर यांनी हे बोलणे कानाआड केले नाही. त्यांनी नंतर अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या सैनिकांवर त्या औषधाची कसोटी घेतली आणि ते उपयोगी ठरले. अशी औषधे मळमळ सुरू झाल्यावर फारसा गुण देत नाहीत. ती निघण्यापूर्वी घ्यावी लागतात. त्यांनी झोप येते आणि त्यांचे प्रमाण वयानुसार ठरते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नयेत.

सर्वांत मोठे औषध मात्र सवय हे आहे. लहान लहान प्रवास पुनःपुन्हा केले, म्हणजे मेंदू नव्या साक्षींची सांगड घालण्यास शिकतो. पहिले दोनतीन दिवस बोट लागलेले बहुतेक खलाशी पुढे निर्धास्तपणे डेकवर वावरतात, ते याच कारणाने. परंतु सवय होण्यासाठी प्रवास करावा लागतो. आणि प्रवास करण्यासाठी तो करण्याची इच्छा टिकून राहावी लागते. ती इच्छा टिकवणे हे सहप्रवाशांच्या हाती असते. तेव्हा गाडीत शेजारच्या मुलाचा चेहरा पांढरा पडलेला दिसला, तर त्याची थट्टा करू नये. काच खाली करावी, समोरचे दिसेल अशी जागा त्याला द्यावी, आणि घाटमाथा आता किती वळणांवर आहे, ते त्याला सांगावे.